कोपऱ्यातलं पाणी

जयवंतानं पिशवीच्या तोंडाची चिमटी सोडली आणि खाली भांडं धरलं. चमचाभर हिरवट पाणी आलं, बस. तिनं पिशवी वरून खाली बोटांनी निपटली, तेव्हा आणखी दोन थेंब पडले.

चंपतराव डोळे मिटून कुशीवर पडले होते. त्यांच्या पोटाच्या डाव्या अंगाला डॉक्टरांनी शौचाची नवी वाट काढली होती आणि तिच्यावर ही पिशवी चिकटवली होती. खालची, देवानं दिलेली वाट सध्या बंद होती, कारण जखम तिथेच होती, आत. त्या जखमेच्या खड्ड्यात एक स्पंज बसवलेला होता. स्पंजाची नळी मांड्यांमधून बाहेर येऊन खाटेच्या दांड्याला टांगलेल्या मशीनपर्यंत गेली होती. डब्याएवढं ते मशीन अखंड घुरघुरत आतली घाण ओढून घेई. पिशवी कशी रिकामी करायची ते मिनल सिस्टरनं जयवंताला सुरुवातीलाच शिकवलं होतं.

"काल खिचडी खाल्ली ना जी तुम्ही?"

"हो."

"अन् सकाळचा शिरा?"

"खाल्ला म्हनलं ना."

तिनं भांड्यात पुन्हा पाहिलं. तोंडाला खोटं बोलता येतं, पोटाला येत नाही. ती संडासात भांडं ओतून आली आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, आधी साबणानं, मग नुसत्या पाण्यानं. तसं केल्याशिवाय ती देवाचं नाव ओठांवर येऊ देत नसे. मग 'शिव शिव' म्हणत परतली, तर शेजारच्या खाटेजवळ बसलेला ताराचंद तिच्याकडे पाहून हसला. गोंदियाकडचा हा माणूस भावाच्या सोबतीला आला होता. पोट सुटलेलं, मन मोकळं.

"काकीजी, कालची खिचडी बढिया होती. तुमच्या बहूच्या हाताले चव आहे. फक्त घी टाकतानी कंजूसी करते."

जयवंता जागीच थांबली.

"तुम्ही खाल्ली?"

"काकाच देतात ना रोज. तुम्ही पानी आनाले खाली गेल्या का म्हनतात, घे बाप्पा, वाया जाऊन राहिलं." बोलता बोलता त्याचं हसू उतरलं. "तुम्हाले मालूम नव्हतं का?"

ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. चंपतरावांचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण पापण्या हलत होत्या.

ते उमरेडच्या पलीकडच्या एका गावचे गुरव. गावच्या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे. देवळामागं बेलाचं जुनं झाड होतं. त्यावर चढून ताजी पानं काढायची, पिंडी धुवायची, बेल वाहायचा, आणि मगच अन्नाला हात लावायचा. बापाच्या पायांवर हात ठेवून घेतलेला नेम होता तो, आणि एकाही सकाळी चुकला नव्हता. त्या दिवशी वाळवी लागलेली फांदी पायाखालून गेली. ते बसल्या आसनी खाली आले, ते बरोबर खुंट्यावर. बकरी बांधायला तो कुणी ठोकला होता, देव जाणे.

उठून, धोतर सावरून त्यांनी पूजा पुरी केली होती. घरी येऊन म्हणाले, "कंबरेले लागलं जरासंक." रक्त लागलेलं धोतर त्यांनी स्वतःच नदीवर धुतलं. खरं कुठं लागलंय ते लाजेपायी सांगितलंच नाही, ना बायकोला ना पोराला. ताप मेंदूत चढून बडबडायला लागले तेव्हा कुठं जयवंतानं धोतर सोडवून पाहिलं. नागपुरात सक्करदऱ्याला राहणारा पोरगा जितेंद्र गाडी घेऊन आला आणि त्यांना धंतोलीच्या या दवाखान्यात घेऊन आला. तोवर आत सगळं सडायला लागलं होतं.

डॉक्टर भूमिका राउंडला आल्या, तेव्हा जयवंतानं पडद्याबाहेर येऊन त्यांना गाठलं. पोरीच्या वयाची बाई. पण बोलायची कशी, तर आपल्या हातून काही सांडू नये तशी सांभाळून.

"मॅडम, ते जेवत नाईत. मले आत्ता कळलं."

डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. "तरीच. रक्तातलं प्रोटीन वर येतच नाहीये, म्हणून मी विचारात पडले होते." त्या जरा थांबल्या. "काकू, स्पंज एकटा काही करत नाही हो. तो घाण ओढतो, जागा साफ ठेवतो. खड्डा भरायचा तो अंगातल्या मांसानं. आपण अंगाला काही दिलंच नाही, तर ते आणणार कुठून?"

"नाकातून नळी टाकून देता येईन ना?"

"काल विचारलं त्यांना. म्हणाले, ती टाकली तर खालचीसुद्धा उपटून टाकतो." डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या स्पंज बदलायचा आहे. मागच्या वेळी खड्डा जेवढा होता तेवढाच उद्याही दिसला, तर मला मोठं ऑपरेशन सांगावं लागेल. आणि ह्या तब्येतीत ते त्यांना झेपेल असं मला वाटत नाही. तुमच्यापासून लपवत नाही."

जयवंता खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर रिक्षा, अॅम्ब्युलन्स, औषधांच्या दुकानांसमोर अख्ख्या विदर्भातून आलेली माणसं. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी आणि डोळ्यांत एकच प्रश्न. तिनं खिडकीचा गज घट्ट धरला. देवा, तुझ्याच पानासाठी चढला होता ना रे तो झाडावर? एवढंच ती मनात म्हणाली, आणि तेही म्हटल्याची तिला भीती वाटली.

आत चंपतराव फोनवर बोलत होते. दिवसातून एकदा, पुतण्याशी बोलताना, ते जिवंत व्हायचे. ते दवाखान्यात असेपर्यंत पूजा त्याच्याकडे, पिंटूकडे होती.

"कोपरे पुसले का गा? ... नुसतं पानी ओतून पूजा होत नसते, लेका. कालचा बेल काढला का? पानी जायची जागा पाह्यजो, तिथं पानं अडकतात. मंग कोपऱ्यात पानी राह्यते, वास मारते. देवाले वास नाई चालत... हो. पुसून काढ. हो."

फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा पुन्हा भिंतीसारखा झाला.

जयवंता स्टूल ओढून जवळ बसली. ताराचंद समजूतदारपणे उठला आणि चहाच्या निमित्तानं बाहेर गेला.

"काहून देता जी घास दुसऱ्याले?"

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली.

"मॅडम काय म्हनते, ऐकलं ना तुम्ही? परदा आहे, भिंत नाई. ऐकलंच असन."

"ऐकलं."

"मंग?"



"मी देवाले शिवलो नाई," ते छताकडे पाहत म्हणाले. "नुसतं सलाईन होतं तोवर ठीक होतं, पोटात जातच नव्हतं काही. आता म्हनतात, खा. कसा खाऊ? बेल वाह्यल्याबिगर घास नाई. अन् बेल वाहू कशानं? हे अंग पाह्य." त्यांनी हनुवटीनं पिशवी दाखवली, मग नळी. "वरून गळून राहिलं, खालून गळून राहिलं. अशा अंगानं त्याचं नाव तरी घ्यावं का मानसानं?"

"बिमार मानसाले नेम नसते. शास्त्रातच आहे म्हनतात."

"तू अळनी खाऊन राहिली. काहून?"

ते बरे होऊन घरी येईपर्यंत जेवणात मीठ घ्यायचं नाही, असं तिनं ऑपरेशनच्या दारात उभं राहून महादेवाला बोललेलं होतं. सुनेनं, पिंकीनं, डब्यात वेगळी वाटी केली होती तिच्यासाठी. ती गोष्ट त्यांना कुणीच सांगितली नव्हती.

"तुले बिमारी नाई, डॉक्टर नाई, कोनी जबरदस्ती नाई. तरी तू सोडत नाईस. तुहा नेम तो नेम, अन् माहा नेम नाटक होय?"

"माह्या नेमानं मी मरून नाई राह्यली."

"मरन त्याच्या हाती आहे." त्यांनी डोळे मिटले. "मेलो तर नेईन तो. बाटलेला गुरव त्याले चालत नाई, वं."

या माणसाशी वाद घालायचा तर नेमाची भाषा बोलूनच घालायचा, हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं. आणि नेमाच्या बाबतीत ते दोघं एकाच मातीचे. त्यांचा नेम तोडायला निघालेली सुरी तिच्याच गळ्यावरून जात होती.

संध्याकाळी जितेंद्र डबा देऊन गेला. जयवंतानं खिचडीचं झाकण काढलं, वर तूप सोडलं, ताट त्यांच्यासमोर ठेवलं. मग आपली अळणी वाटी उघडली आणि ताराचंदकडे हात पसरला.

"भाऊ, मीठ आहे का तुमच्यापाशी?"

तो काकडी खात होता. त्यानं कागदाची पुडी पुढं केली. जयवंतानं चिमूटभर मीठ तळहातावर घेतलं, चंपतरावांना दिसेल असं, आणि चाटलं. इतक्या दिवसांनी मीठ जिभेला लागलं आणि नको असताना तोंडाला पाणी सुटलं. त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"घ्या. सोडला मी नेम. मी पापी झाली. आता तुम्हीबी व्हा."

चंपतराव तिच्या तळहाताकडे पाहत राहिले. त्यांचा खालचा ओठ हलला. तिला वाटलं, आता हात पुढं येईल. पण त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"हे काहून केलं वं तू," ते इतकंच म्हणाले, आणि त्यांच्या पाठीच्या कण्याचे मणी कापडातून थरथरताना दिसले.

खिचडीवर तूप गोठलं. ताराचंदनं त्या दिवशी ते ताट घेतलं नाही. जयवंता पदर तोंडात कोंबून बसून राहिली. आता तिच्याजवळ नेमही नव्हता, आणि नेम मोडून मिळवायचं होतं तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्पंज बदलायच्या खोलीत नेलं. तब्येत फार उतरलेली, म्हणून डॉक्टर भूमिकांनी झोपेचं इंजेक्शन टाळलं होतं. जागेपणीच करायचं म्हटल्यावर चंपतराव म्हणाले, "जितूची माय असन तर करा." मिनल सिस्टरनं जयवंताला हिरवा झगा चढवला, चपला काढायला लावल्या.

ती दारापाशी आली आणि थांबली. थांबायचं तिनं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप थांबले. गावच्या देवळात गुरवाच्या बाईनं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंतच जायचं. घागर भरून आणायची, उंबऱ्यावरून आत द्यायची, रिकामी परत घ्यायची. आत पिंडी कशी धुतात ते लग्न झाल्यापासून ती बाहेर उभी राहून ऐकत आली होती. पाण्याचा आवाज, फडक्याचा आवाज, आणि त्यांचं पुटपुटणं. इथंही आत अंधार केलेला होता, थंडावा होता, आणि मधोमध एकच दिवा.

चंपतरावांना डाव्या कुशीवर निजवलं होतं. समोरच्या भिंतीवर टीव्हीसारखा पडदा होता.

"काका, बघवणार नसेल तर डोळे मिटून घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी मिटले. टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेली नळी आत जाताना कण्हले, सलाईन लावलेली मूठ आवळली. पडद्यावर आधी लालसर काळोख होता. मग एका बाजूला भोकासारखं काही दिसलं आणि त्यात बसलेला तो स्पंज, भिजून काळपट झालेला. डॉक्टरांनी तो चिमट्यात पकडून हळूहळू बाहेर ओढला. सिस्टरनं तो ट्रेमध्ये घेतला, तेव्हा खोलीभर वास पसरला. जयवंतानं श्वास रोखला. चंपतरावांच्या गालांवर लाजेचा काळसर रंग चढला, मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"झालं काका, घाण निघाली. आता धुवून घेते."

पाण्याचा आवाज झाला. बारीक, एका धारेचा, पोकळ जागेत पडतो तसा. मग ते पाणी ओढून घेतल्याचा आवाज. पुन्हा धार.

चंपतरावांनी डोळे उघडले.

पडद्यावर एक लहानशी गुहा होती. दिवा आत शिरला होता आणि ओल्या भिंती चकाकत होत्या. वरून पाणी पडत होतं, भिंतीवरून ओघळत होतं, तळाशी साचत होतं आणि नळीच्या तोंडाशी गोळा होऊन निघून जात होतं. डॉक्टर घाई करत नव्हत्या. धार धरायच्या, थांबायच्या, ओढून घ्यायच्या, दिवा फिरवून पाहायच्या.

"हे काय होय?" चंपतरावांनी विचारलं.

"तुमची जखम आहे, काका. आतून अशी दिसते."

ते पाहत राहिले. आवळलेली मूठ कधी सुटली ते जयवंताला कळलं नाही. पुन्हा धार पडली, तेव्हा त्यांचे ओठ हलले. वेदनेनं असेल, असं तिला वाटलं.

"त्या कोपऱ्यात राह्यलं पानी," ते म्हणाले.

"तिकडेच येतेय, काका."

"काढून घ्या. राह्यलं का वास मारते."

"म्हणून तर रोज मशीन लावून ठेवलंय." डॉक्टरांच्या आवाजात हसू होतं, नजर मात्र पडद्यावर. दिवा वळला, कोपऱ्यातलं पाणी सरकलं, खालून ओली, फिकट भिंत दिसली.

चंपतरावांनी मान किंचित वळवली. दारात उभी असलेली बायको त्यांना दिसली.

"तिथं काहून उभी आहेस?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "आत ये ना, वं."

जयवंतानं एकदा पायांकडे पाहिलं आणि ती आत गेली.

त्यांच्या डोक्याशी उभी राहिली तेव्हा त्यांनी हलकेच विचारलं, "बेल आहे का तुह्यापाशी?"

झग्याखाली हात घालून तिनं पदराची गाठ सोडवली. पिंटूनं जितेंद्रच्या हाती पाठवलेलं सोमवारचं पान होतं, तीन दळांचं, वाळून कुरकुरीत झालेलं. तिनं ते त्यांच्या बोटांशी नेलं. त्यांनी घेतलं नाही.

"माह्या हाताले सुई आहे. तू वाह्य."

"मी?"

"मंग कोन?"

"कुठं वाहू, जी?"

ते पुन्हा पडद्याकडे पाहू लागले होते. तिथं डॉक्टर धुतलेल्या जागेत नवा, पांढरा स्पंज बसवत होत्या. जयवंता पान हातात धरून उभी राहिली. मग वाकून तिनं ते त्यांच्या कमरेवरच्या चादरीवर ठेवलं, तिच्या हाताला ऊब लागली तिथं. मिनल सिस्टर ते उचलायला पुढं आली.

"राहू दे," डॉक्टर मान न वळवता म्हणाल्या. "चादरीवरच आहे ना."

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी जयवंताला सांगितलं, "खड्डा तेवढाच आहे. एका कडेला ताज्या मांसाचा थोडा लालसर रंग वाटला मला, पण त्यावर मी आज काही बोलणार नाही. ताप आहेच. पुढचा स्पंज बदलताना बघू, मग ऑपरेशनचं ठरवू. तोवर पोटात काही जाईल असं बघा."

संध्याकाळी डबा आला. जयवंतानं ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पाण्याची बाटली उचलली. बाटली अर्धी भरलेली होती, तरी ती खाली गेली. फिल्टरपाशी रांग नव्हती, तरी ती थांबली. मागून आलेल्या एका बाईला आपला नंबर दिला, मग दुसरीला. वर आली तर ताट रिकामं होतं, एक शीत नाही. चंपतराव डोळे मिटून पडलेले. ताराचंदही कुशीवर वळून घोरत होता. तिनं दोघांनाही काही विचारलं नाही. रिकामं ताट तिनं याआधीही पाहिलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून ती स्वतः जेवलीही होती. ताट धुवून ठेवलं, आपली अळणी वाटी उघडली, तिच्याकडे पाहत बसली आणि झाकण पुन्हा लावलं.

सकाळी उजाडलं तेव्हा मशीन घुरघुरतच होतं. चंपतराव झोपेत होते. कपाळ अजून गरम होतं. जयवंता भांडं घेऊन खाटेशी वाकली. चादर बाजूला केली. हात पुढं नेला आणि मध्येच थांबवला, जसा आजारी माणसाच्या नाकाशी श्वास आहे का पाहायला नेलेला हात थांबतो.

मग तिनं पिशवी खालून तळहातावर घेतली.

ती जड होती. कोमट आणि जड.

जयवंता तशीच वाकलेली राहिली. "शिव शिव," ती म्हणाली, मोठ्यानं, शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल असं. तिनं हात धुतलेले नव्हते.